गेटाला लावलेली वीट

आमच्या सोसायटीच्या स्विमिंग टँकच्या गेटापाशी कोटा फरशीवर एक लाल डाग आहे. बरोबर अर्ध्या विटेच्या मापाचा. ॲसिड टाकून घासला, वायर ब्रशने घासला, फिका झाला, पण गेला नाही. टँकमध्ये एक पोर पडल्याचं हे प्रकरण त्या डागापासून सांगतो, कारण असा डाग एका दिवसात पडत नाही. गेट उघडं ठेवायला लावलेली वीट तिथं दोन-अडीच महिने रोज होती. रोज पाय उचलून ती ओलांडणाऱ्यांत मीही होतो, आणि मी सत्तावीस वर्षं चिंचोली एमआयडीसीतल्या कारखान्यात सेफ्टीचंच काम केलंय. कारखान्यात मशीनच्या गार्डला, म्हणजे धोक्याच्या भागावरच्या झाकणाला, कोणी तार बांधून ठेवली तर मी शिफ्ट थांबवायचो. घरी आल्यावर डोळे चपलांबरोबर दारात काढून ठेवत असणार.

सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी. तीन विंग, ४८ फ्लॅट, ताबा मिळून तीन वर्षं झालेली. टँक १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद. एका टोकाला तीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला साडेपाच. म्हणजे साधारण ९३ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे नऊ टँकर ओतले तरी काठोकाठ भरत नाही. हे गणित सोलापुरात फार महत्त्वाचं. उजनीचं पाणी नळाला चार-पाच दिवसांआड बघितलेल्या गावात टँक भरायचा म्हणजे बोअर आणि टँकर. त्यात एप्रिल-मे महिन्यांत नुसतं उन्हानं रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे एवढ्या टाकीतून सहा-सातशे लिटर. ब्रोशरमध्ये निळंशार पाणी बघून फ्लॅट घेतलेल्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

त्या दुपारी

एप्रिलचा शेवटचा शनिवार. ऊन बेचाळीसच्या पुढं. बी-विंगच्या तळमजल्यावर आजी-आजोबांकडे पुण्याहून नात आली होती, साडेतीन वर्षांची. सकाळी सहा ते दहा मुलांची पोहण्याची वेळ. त्या वेळात ती आजोबांचं बोट धरून काठावर बसून पाय हलवून आली होती. कोणाचा तरी लाल प्लास्टिकचा बॉल पाण्यातच राहिला होता. दहाला टँक बंद.

जेवणं झाली. आजी-आजोबा कूलरसमोर आडवे, आई स्वयंपाकघरात ओट्यापाशी. पोरीच्या पायात चालताना चूं-चूं वाजणारी चप्पल होती. आजी नंतर एवढंच सांगत होत्या, "आवाज थांबला, मला वाटलं झोपली असंल."

तळमजल्याच्या फ्लॅटना मागं ड्राय बाल्कनी आहे, तिचं दार बागेत उघडतं आणि बागेतून टँकचं गेट पंधरा पावलांवर. त्या दिवशी गेटात वीट होतीच. शिवाय टँकरचा चार बोटं जाडीचा पाइप गेटातून आत टाकलेला होता. एक टँकर खालच्या हौदात रिकामा झाला होता, दुसरा टँकसाठी यायचा होता. वॉचमन मामा त्याला आत घ्यायला मेन गेटवर गेलेले.

बी-विंगच्या पार्किंगच्या कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्यात टँकचं गेट आणि काठाचा थोडा भाग दिसतो. २ वाजून ३१ मिनिटं ८ सेकंदांनी ती गेटातून आत गेली. पाइप ओलांडताना ती थांबली, पाइपावर एक पाय देऊन बघितला. ३१ मिनिटं ५५ सेकंदांनी काठावर वाकलेली दिसते. पुढच्या चित्रात काठावर कोणी नाही. २ वाजून ३४ मिनिटं २० सेकंदांनी ए-विंगमध्ये भांडी घासणाऱ्या मावशी घरी जायला म्हणून बागेतला शॉर्टकट घेताना दिसतात. त्यांना दिसली ती काठावर पडलेली एक चप्पल. पाण्यात काही दिसत नव्हतं, कारण पाणी ताकासारखं गढूळ, हिरवट झालं होतं. त्या सांगतात, "फ्रॉकचं टोक हालल्यावानी वाटलं." मावशींना पोहता येत नाही. लुगड्यासकट उतरल्या आणि पोरीला बाहेर काढलं. पोर पाण्यात होती तीन मिनिटांपेक्षा थोडा कमी वेळ.

ती पडली ते टोक तीन फुटांचं. बोर्डावर तिथं 'उथळ' असं लिहिलेलं आहे. पोरीची उंची ९५ सेंटिमीटर, तीन फूट म्हणजे ९१. त्या दिवशी पाणी काठापासून आठ इंच खाली गेलेलं होतं, म्हणजे खोली सव्वादोन-अडीच फूट. तिला उभं राहता आलं असतं, असं कोणीही म्हणेल. पण पालथं पडलेलं लेकरू उभं राहत नाही. तळ शेवाळानं निसरडा होता आणि आठ इंच वर गेलेला गुळगुळीत काठ तिच्या हाताला येत नव्हता. टँकर तीन आठवडे लांबला नसता तर काठ हाताला आला असता का? कदाचित. कारखान्यातल्या चौकशीतही असंच होतं, एकेक 'कदाचित' जोडत गेलं की अपघात तयार होतो.

बाहेर काढल्यावर ती निळी पडलेली, श्वास नाही. दोन मिनिटांत वीस माणसं जमली. एकाने तिचे पाय धरून तिला उलटं केलं, दुसरा म्हणाला पोट दाबा, पाणी काढा. आपल्याकडे विहिरीवर सगळ्यांनी हेच बघितलेलं असतं. सी-विंगमधली नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी धावत आली आणि त्या काकांच्या हातातून पोर अक्षरशः हिसकावून घेतली. फरशीवर उताणी झोपवली, हनुवटी वर केली, तोंडावर तोंड ठेवून पाच श्वास दिले. मग छातीवर दाब. तीस दाब, दोन श्वास. दुसऱ्या फेरीच्या शेवटी पोर खोकली, भात ओकली, आणि रडली. ते रडणं ऐकून आजोबा खाली बसले ते उठलेच नाहीत, त्यांना उचलून खुर्चीत ठेवावं लागलं.

१०८ ला फोन केलेला होताच. दवाखान्यात दोन रात्री ठेवून घेतलं, कारण बुडून वाचलेल्याच्या फुफ्फुसाला पुढच्या काही तासांत त्रास होऊ शकतो. पोर हसायला लागली म्हणून घरी न्यायचं नसतं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. आज ठणठणीत आहे.

"आईचं लक्ष कुठं होतं?"

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर हा प्रश्न पडला, आणि त्याखाली अंगठ्यांची रांग. मला त्याचा राग आला, पण रागानं उत्तर होत नाही. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगानं ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडातल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या अशाच अपघातांचा अभ्यास केलेला आहे. त्यातल्या ६९ टक्के मुलांबाबत ती त्या वेळी टाकीजवळ असतील असं घरच्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ७७ टक्के मुलं नजरेआड होऊन पाच मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ झाला होता. म्हणजे ही मुलं पोहायला गेलेली नव्हती. ती घरात होती, आणि कोणीतरी दूध उतू जातंय म्हणून वळलं होतं.

शिवाय बुडणारं लेकरू ओरडत नाही. सिनेमात हात वर करून "वाचवा" म्हणतात तसलं काही होत नाही. तोंड पाण्याखाली असतं, जो काही दम असतो तो श्वासासाठी लागतो, आवाजाला उरत नाही. पाच फुटांवर पाठमोरा माणूस बसलेला असला तरी त्याला कळणार नाही.

आमच्या टँकवरचा नियमांचा बोर्ड मी त्या रात्री पुन्हा वाचला. अकरा नियम. शॉवर घेऊन उतरावे. टोपी घालावी. सुती कपडे घालू नयेत. तेल लावून उतरू नये. जेवून लगेच पोहू नये. आणि शेवटी ठळक अक्षरात, 'पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे'. सगळे अकरा नियम पोहणाऱ्यासाठी. जी बुडाली ती पोहणारी नव्हतीच, आणि बुडाली तेव्हा टँक बंद होता. टँकचे धोक्याचे तास सकाळी सहा ते दहा नव्हेत. उरलेले वीस तास. त्या वीस तासांसाठी आमच्याकडे एक गेट होतं, आणि त्याला वीट होती.

जुनी मंडळी म्हणाली, आम्ही विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून, आम्हाला काय झालं? मीही तसाच शिकलो, अक्कलकोटच्या बाजूला मामाच्या मळ्यात. पण त्यांना आठवण करून दिली की डबा बांधून ढकलणारा मामा स्वतः पाण्यात असायचा. आणि दुपारच्या वेळी एकट्यानं विहिरीकडं जायचं नाही, साती आसरा ओढून नेतात, असं आजीनं सांगून ठेवलेलं असायचं. तेव्हा हसायचो. आता वाटतं, बंद वेळेतला धोका आजीला आमच्या बोर्ड लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळला होता.

टेप, पाइपाचा तुकडा आणि टॉवेल

रविवारी सकाळी मी टेप घेऊन गेलो. कमिटीनं मलाच चौकशी करायला सांगितलं होतं. सोबत घेतला ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा एक तुकडा, प्लंबरकडं पडलेला. कुंपणाच्या दोन गजांतली फट १०० मिलिमीटरपेक्षा मोठी नको, हा जगभरातल्या बहुतेक नियमांचा आकडा. पोराचं डोकं-धड त्यातून जाऊ नये म्हणून. माझा पाइपाचा तुकडा आमच्या कुंपणातून आरामात आरपार गेला. प्रत्येक ठिकाणी.

कुंपणाची उंची ३८ इंच. ऑस्ट्रेलियात १२०० मिलिमीटर लागते, म्हणजे ४७ इंच, आणि बाहेरच्या बाजूनं ९०० मिलिमीटरपर्यंत पाय ठेवून चढता येईल असं काही नको. आमच्या कुंपणाला आडव्या पट्ट्या, म्हणजे शिडीच. त्याला लागून ओळीनं कुंड्या, म्हणजे शिडीची पहिली पायरी. आर्किटेक्टला 'मोकळं दिसलं पाहिजे' हवं होतं, असं नंतर कळलं.

पण खरी गोम चौथ्या बाजूची. कुंपण तीनच बाजूंना होतं. चौथ्या बाजूला बी-विंगची भिंत आणि तळमजल्याच्या तीन फ्लॅटची मागची दारं, मध्ये फक्त बाग, आणि अडवायला बागेतलं ते एक गेट. रस्त्यावरच्या चोराला अडवायला हे ठीक आहे. बुडणारी लहान मुलं मात्र रस्त्यावरून येत नाहीत, घरातून येतात. घराला टाकीची चौथी भिंत धरणारं कुंपण आणि टाकीभोवती चारही बाजूंनी वेगळं असलेलं कुंपण यांची तुलना झालेली आहे, आणि चार बाजूंचं कितीतरी सरस ठरलेलं आहे. न्यूझीलंडनं खासगी टाक्यांना कुंपण सक्तीचं करणारा कायदा १९८७ मध्येच केला. फ्रान्सनं ३ जानेवारी २००३ च्या कायद्यानं कुंपण, झाकण, अलार्म किंवा बंदिस्त छत यांतलं एक तरी खासगी टाकीला लावायला सांगितलं. आमच्या टँकची तीन वर्षांत कोणी पाहणी केलेली नव्हती, हे मी इथंच नोंदवून ठेवतो.

गेट आत उघडत होतं, म्हणजे टाकीच्या बाजूला. कोणी नुसतं ढकललं तरी उघडणार. ते बाहेर उघडायला हवं, सोडलं की आपोआप बंद व्हायला हवं आणि कडी पोराच्या हातापलीकडं हवी. आमची कडी अडीच फुटांवर होती. स्प्रिंग होती, आणि ती इतकी कडक की गेट तोफेसारखं आपटायचं. वॉचमन मामांना विचारलं.

"मामा, ही वीट कधीपास्नं हाय?"

"होळीच्या आधीपास्नं असंल की साहेब. गेट आपटायलंय म्हणून खालच्या तिन्ही घरची माणसं रोज ओरडायली होती. दुपारची झोप मोडायली म्हणायचे. तेल घातलं, मग रबर बांधलं, तरी आपटायलंच. मग वीट लावली."

"कमिटीला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. वीटच लाव म्हणाले."

त्या तिन्ही घरांत पोरीच्या आजी-आजोबांचं घरही होतं. आजींना मी ते बोललो नाही. त्यांना ते माहीत होतं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'पाणी हिरवं झालंय' ही तक्रार लोक दिसण्याची समजतात. आमच्या बोअरचं पाणी जड, पीएच चढा. मी मोजला तेव्हा टाकीत ८.२ होता, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असायला हवा. क्लोरीन टाकणारा माणूस ठरलेला डोस टाकत होता, कमी नव्हता. पण पीएच ७.५ असताना टाकलेल्या क्लोरीनपैकी साधारण निम्मं जंतू मारणाऱ्या रूपात राहतं, आणि ८.२ ला गेलं की पाचव्या हिश्श्याच्याही खाली येतं. म्हणून पावडर पडत राहिली आणि शेवाळ वाढत राहिलं. पाण्याच्या प्रतीसाठी भारतीय मानक ३३२८ आहे. पण मला पटलेली कसोटी त्याहून सोपी. काठावर उभं राहून सगळ्यात खोल जागेची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर टँक बंद. कारण मग तळाशी पडलेलं माणूसही दिसणार नाही. मावशींना ते चपलेनं सांगितलं, पाण्यानं नाही.

आता टॉवेल. खोल टोकाला तळाशी ड्रेन होता, एकच, त्यावर सपाट प्लास्टिकची जाळी, चार स्क्रूंपैकी एकच शिल्लक आणि जाळीला कोपऱ्यात भेग. पंप दोन हॉर्सपॉवरचा आणि त्याचा सगळा ओढ त्या एका भोकावर. मी घरून आणलेला जुना सोलापुरी टर्किश टॉवेल काठीला बांधून खाली सोडला आणि पंप चालू करायला सांगितला. टॉवेल जाळीपासून वीतभर लांब होता तोवर पाण्यात झुलत होता. मग एकदम ताणला गेला, जाळीवर जाऊन चिकटला आणि त्याचा मधला भाग भेगेतून आत गेला. मी आणि आमचा प्लंबर, दोघांनी मिळून काठी ओढली. काठी वाकली. टॉवेल सुटला नाही. पंप बंद केल्यावर तो असा सुटला की आम्ही दोघं मागं बसलो.

कमिटीचे पाच जण बघत होते. कोणी बोललं नाही. त्या टॉवेलच्या जागी मुलीचे मोकळे केस किंवा लहान मुलाचं पोट धरून बघा. पंपाची किल्ली मामांच्या खिशात आणि मामा मेन गेटवर. अमेरिकेत २००२ मध्ये सात वर्षांची एक मुलगी अशाच ओढीनं तळाला चिकटून गेली. तिच्या आईनं हातानं ओढूनही सुटली नाही. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात, व्हर्जिनिया ग्रेम बेकर. तिच्या नावानं २००७ मध्ये कायदा झाला आणि सार्वजनिक टाक्यांना ओढून न धरणाऱ्या जाळ्या बंधनकारक झाल्या. उपाय अवघड नाही: एकाऐवजी तीन फूट अंतरावर दोन ड्रेन, म्हणजे एक झाकला गेला तरी दुसरा ओढतो, वर फुगीर जाळी, जिला सपाट काही चिकटत नाही, आणि काठावरच, कोणालाही दाबता येईल असं पंप बंद करायचं लाल बटण. आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा केलं ते फुकटातलं. तळाच्या ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद करून पंप फक्त वरच्या स्किमरवर, म्हणजे काठालगत वरचं पाणी ओढणाऱ्या तोंडावर, चालवला. पाणी काठाच्या पातळीला आणल्यावरच ते जमलं, कारण पातळी खाली असली की स्किमर हवा ओढतो.

विजेचं थोडक्यात. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, ते ठीक. पण काठापासून चार फुटांवर २३० व्होल्टचा शोभेचा खांब आणि मागं १०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. अंग ओलं असलेल्या ठिकाणी ३० चाच लागतो. १०० चा माणूस वाचवायला नसतो. गणपतीत टँकवरून माळा सोडायची हौसही त्याच खांबावरून भागवली जायची. पंपरूममध्ये ॲसिडचा कॅन आणि क्लोरीनची बादली शेजारी-शेजारी, दोन तऱ्हेच्या क्लोरीनला एकच ओला मोठा चमचा. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की विषारी वायू, आणि दोन जातींची क्लोरीन मिसळली की आग. हे त्याच दिवशी वेगळं केलं. जीवरक्षक रिंगही तिथंच सापडली, कुलपात. बाहेर ठेवली तर चोरीला जाते म्हणून.

मीटिंग

खास सभेला ४८ पैकी ४१ घरं आली. एरवी कोरम होत नाही. पहिली मागणी, टँक बुजवा. दुसरी, निदान रिकामा करा. रिकाम्याला मी विरोध केला: साडेपाच फुटांचा टाइल लावलेला खड्डा हाही धोकाच, आणि पहिल्या पावसात त्यात गुडघाभर पाणी साठणार, तेही गढूळ. तिसरी मागणी, मामांना काढा. ती दोघांनीच केली आणि नंतर मागं घेतली, पण केली हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एका वकील सभासदांनी दोन गोष्टी नीट सांगितल्या. पोर वाचली नसती तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, निष्काळजीपणानं मृत्यू, पोलीस पहिल्यांदा कमिटीचंच दार वाजवतात, आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर' हा बोर्ड तिथं ढाल होत नाही. साडेतीन वर्षांच्या पोरीनं कसली जबाबदारी घेतली होती? दुसरं, रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा सुविधांतला दोष लेखी कळवला तर बिल्डरनं तीस दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. आम्ही पत्र दिलं, टॉवेलच्या व्हिडिओसकट. बिल्डरनं ड्रेन, जाळ्या आणि आरसीसीबी बदलून दिले. कुंपणाला मात्र 'मंजूर ब्रोशरप्रमाणेच आहे' असं उत्तर आलं. भांडत बसलो असतो तर उन्हाळा गेला असता. फ्लॅटमागे साडेसहा हजार काढले, तीन लाख बारा हजार झाले.

सगळ्यात मोठं भांडण चौथ्या बाजूवरून झालं. तळमजल्याच्या दोन घरांना बागेतून सरळ टँकवर जाता येतं म्हणून त्यांनी फ्लॅटला जास्त पैसे मोजलेले. कुंपण आलं की त्यांना वळसा. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी तिसऱ्या घरचे, म्हणजे त्या पोरीचे आजोबा उठले. म्हणाले, "आमच्या दारासमोरनं आधी घाला." आणि बसले. मतदान घ्यावं लागलं नाही.

विटेचं कारण

आता कुंपण चारही बाजूंनी आहे, ४८ इंच, उभे गज, मधली फट साडेतीन इंच, कुंड्या कुंपणापासून चार फूट दूर. गेट बाहेर उघडतं, लॅच पाच फुटांवर. आपटणाऱ्या स्प्रिंगऐवजी दवाखान्याच्या दारांना असतो तसला हायड्रॉलिक क्लोजर लावला. गेट शेवटच्या वीतभर अंतरात सावकाश येतं आणि टक् होऊन बसतं. आवाजाची तक्रार संपली.

पण मला जास्त समाधान दिलं ते दीड हजार रुपयांच्या कामानं. वीट दोन कारणांनी होती, आवाज आणि टँकरचा पाइप. पाइप टाकायचा तर गेट उघडंच ठेवावं लागणार. नियम काय करणार तिथं? म्हणून पार्किंगच्या भिंतीपासून टँकपर्यंत जमिनीखालून दोन इंची पाइप नेला, बाहेरच्या टोकाला टँकरची कपलिंग बसेल असं तोंड आणि टोपण. आता टँकरवाला आत येतच नाही. रस्त्यावरून जोडतो, भरतो, जातो. टँकर दर दहा दिवसांनी ठरवला, पाणी काठाच्या चार बोटांखाली जाऊ द्यायचं नाही.

पोहण्याच्या वेळेला आता जीवरक्षक आहे. रिंग आणि लांब काठी काठावर टांगलेली, अजून चोरीला गेलेली नाही. नर्सिंगच्या त्या मुलीनं क्लबहाउसमध्ये तीन रविवार सगळ्यांना शिकवलं: उलटं धरायचं नाही, पोट दाबायचं नाही, बुडालेल्याला आधी श्वास, मग दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या लयीत, छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत. पहिल्या रविवारी लाजणारे काका तिसऱ्या रविवारी बाहुलीवर घाम गाळत होते. भांडीवाल्या मावशींना सोसायटीनं साडी आणि पाकीट दिलं. त्यांनी पाकीट घेतलं आणि विचारलं, "मला पवायला शिकवता का?" शिकताहेत.

मी रोज संध्याकाळी फिरायला निघताना गेट पूर्ण उघडतो आणि सोडून देतो. टक् ऐकू आलं की पुढं जातो. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस ऐकू आलं नाही. बघितलं तर लॅचच्या फटीत खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी घातलेली. ती काढून फेकली असती तर पुन्हा आली असती. दोन दिवस नजर ठेवली. क्लोरीन टाकणारा माणूस वीस किलोची बादली दोन्ही हातांनी उचलून आणतो. पाच फुटांवरची लॅच उघडायला त्याच्याकडं तिसरा हात नाही, आणि बादली खाली ठेवली की गेट बाहेर उघडताना तिलाच अडतं. त्याचं बरोबरच आहे. गेटाच्या बाजूला कमरेइतका छोटा कट्टा हवा, बादली टेकवायला. लहान मूल त्यावर चढून कुंपण ओलांडणार नाही असा, कुंपणापासून दूर आणि उतरत्या माथ्याचा. गवंड्याला जागा दाखवली आहे, सोमवारी येतो म्हणाला.